आखडणारं वल्हं

मशीनकाकांचा तेलावर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता. उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलेला. काही कुरकुरलं की त्यांचा हात आपोआप खिशातल्या तेलाच्या बाटलीकडे जाई. दुकान बंद करताना प्रत्येक मशीनला थेंबभर आणि घरी आल्यावर बिजागऱ्या, कात्री, छत्री, जे हाती लागेल त्याला थेंबभर. बायको म्हणायची, "मी एका जागी फार वेळ बसत नाही, ते एवढ्याचसाठी."

अलीकडे तर ती घरात बसतच नव्हती. साठीच्या तोंडावर, धाकट्या बहिणीच्या नादानं, तिनं तलावावर जायला सुरुवात केली होती. पाण्यात फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं ती पुढे न्यायची, असा तो खेळ. काकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "बसायची सोय असताना उभं कशाला राहायचं?"

"भावजी, बसायची सोय तुम्ही आयुष्यभर बघितलीत," मेहुणी म्हणाली. "आता ताईला जरा उभी राहू द्या."

काका हसले नाहीत. सकाळचा चहा त्यांना आता झाकून ठेवलेला मिळत होता. त्या झाकणाचा राग ते कुणाजवळ बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय?

त्या संध्याकाळी बायको तलावावरून आली ती ओल्या कपड्यांनिशी खुर्चीवर बसली. वल्हं तिनं भिंतीला टेकवलंसुद्धा नाही, खाली टाकलं.

"संपलं," ती म्हणाली. "रविवारी सगळ्या जणी तलाव ओलांडणार आहेत ना, त्यातून मी नाव काढून घेते. आज धाकटीला सांगून टाकते."

"का गं?"

"हातात जोरच नाही राहिला. दांड्यावरचा तो खटका मला घट्ट दाबताच येत नाही. मध्यावर पोचेपर्यंत वल्हं आखडून वीतभर कमी होतं. मग मी वाकून वल्हवत बसते आणि बाकीच्या पार पुढे. शिकवणारी मुलगी म्हणाली, काकू, तुम्ही बसून चालवायची होडी घ्या. गोड बोलली बिचारी. म्हणून तर जास्त लागलं."

काकांनी च्च् केलं. ते च्च् खरं होतं, पण त्याच्या आड मनानं झटकन नफा-तोटा मांडून टाकला होता: तिचा तलाव गेला, आपली सकाळ परत आली. सौदा वाईट नव्हता.

तरी बिघडलेली वस्तू समोर पडली आहे आणि काका तिच्याकडे नुसते बघत आहेत, हे होणं नव्हतं. त्यांनी वल्हं उचललं. रचना साधी होती. एका नळीत दुसरी नळी आणि तोंडाशी चाप. आपल्या उंचीला लागेल तेवढी नळी ओढायची, खटका दाबायचा, चाप आवळला जातो. काकांनी खटका दाबून दांड्यावर भार टाकला. आतली नळी सुर्रकन आत गेली. चापाचा स्क्रू अर्धा आटा आवळला. पुन्हा तेच. आणखी आवळला, तेव्हा खटका त्यांच्याही अंगठ्याला जड जाऊ लागला, आणि नळी तरीही निसटली. वाळू अडकली असेल म्हणून दोन्ही नळ्या वेगळ्या करून उजेडात धरल्या. आत कण नव्हता. मग त्यांनी आतल्या नळीवरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा नाकाशी नेला.

हा वास त्यांना स्वतःच्या घामापेक्षा जास्त ओळखीचा होता.

वल्हं नवं आलं तेव्हा नळी ओढताना अडकत होती. त्यांनी थेंबभर तेल सोडलं, ती सरसर चालू लागली, बायको खूशही झाली होती. नंतर ते दारामागे उभं राहू लागलं आणि बिजागऱ्यांबरोबर त्याचाही नंबर लागत गेला. इथवर सगळं सवयीवर ढकलता आलं असतं. पण वल्हं आखडतंय असं ती पहिल्यांदा म्हणाली, त्याच संध्याकाळी बाटली घेऊन ते दारामागे उभे होते. मशीनच्या पट्ट्याला तेल लावणाऱ्या गिऱ्हाइकांना ते कायम झापायचे, की पकडायची जागा कोरडी हवी, एवढंही कळत नाही का! त्या संध्याकाळी त्यांचा हात क्षणभर थांबला होता. आणि मग थेंब पडला होता.

त्यांनी मान वर केली. बायको आपल्या हातांकडे बघत होती. मूठ मिटत होती, उघडत होती, जणू ते हात कुणी दुसऱ्यानं वापरून परत केले होते.

आता गुपचूप पुसून ठेवलं तरी तिला तिचे हात परत मिळणार नव्हते.

"तुझे हात ठीक आहेत," काका म्हणाले.

"उगाच समजूत काढू नका."

"समजूत नाही. नळीला तेल आहे. माझं."

"सवयीनं घातलंत?" तिनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. काकांना ते कळत होतं.

"आधी सवयीनं," ते म्हणाले. "नंतर कळत असून."

"का?"

"सकाळी... एकट्यानं चहा घशाखाली उतरत नाही."

"मग तसं बोलायचं होतं!" ती उसळली. "तोंड गंजलं होतं का? तेल तिथं घालायचंत. मी आपली रोज आरशासमोर हात वर करून बघतेय, म्हातारी झाले का म्हणून!"

काका वल्हं घेऊन उठले. साबणाच्या पाण्यानं त्यांनी दोन्ही नळ्या धुतल्या, चापाच्या आत स्पिरिटचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्यानं सगळं पुसलं. जास्तीचा आवळलेला स्क्रू सैल केला. वल्हं जोडून तिच्यापुढे धरलं.

"खटका तू दाब."

तिनं तळहातानं दाबला. टक् झालं. तिनं दांड्यावर सगळा भार टाकला. नळी तसूभर हलली नाही. ती हसली नाही. पुन्हा एकदा, या वेळी रागानं, भार टाकून बघितला. मग वल्हं भिंतीला नीट टेकवून तिनं बहिणीला फोन लावला.

"रविवारी मी येतेय गं. नाही नाही, हातांना काही झालेलं नाही. वल्ह्याला तेल लागलं होतं."

पलीकडून मेहुणीनं काहीतरी विचारलं. काकांनी खांदे आवळून घेतले. आता वर्षभराचे टोमणे पक्के.

"आता कुठून लागलं काय माहीत," बायको म्हणाली. "लागलं कुठूनतरी." आणि हे बोलताना ती सरळ काकांकडे बघत होती.

काकांना वाटलं, त्यापेक्षा मेहुणीचे टोमणे परवडले असते.