बरकतीची मूठ

मित्रांनो, मी पाठीवर घ्यायचा एक जुना पितळी फवारणी पंप आहे. अंगावर पोचे किती ते विचारू नका, पण दट्ट्या अजून ठणठणीत! तुर्कस्तानातल्या इस्पार्ताच्या गुलाबमळ्यांत माझी चाळीस वर्षं गेली. "हमदीच्या पंपाचा फवारा म्हणजे नुसतं धुकं," असं सगळं गाव म्हणायचं. मग प्लॅस्टिकचे पंप आले आणि मी खुराड्यामागे जाऊन पडलो.

त्या वर्षी हमदीबाबांच्या गुलाबांची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. फुलांचं तेलही दोन हंगाम घटलेलं. थोरला मुलगा तहसीन म्हणाला, "उपटून टाकू, सफरचंद लावू."

धाकटी मेलाहत अडून बसली. "बाबा, आपली माती चुनखडीची. त्यात लोह, जस्त असूनही मुळांना मिळत नाही. पानांवर फवारून बघू. आईच्या हातची झाडं आहेत हो!"

"बघ," बाबा म्हणाले. "नाही जमलं, तर ट्रॅक्टर."

तिनं मला राखेनं घासून लखलखीत केलं. लोह, जस्त आणि किंचितसं बोरॉन काट्यावर तोलून पुड्या बांधल्या. मळा छोटासा. वरच्या अर्ध्या भागावर पहिली टाकी तिनं फवारली. ती आणखी पाणी आणायला गेली, तेवढ्यात बाबांनी दुसरी भरायला घेतली. पुडी ओतली. इकडे रीतच आहे, धान्य मापा की मीठ मापा, वर एक मूठ बरकतीची पडलीच पाहिजे. बाबांनी बिस्मिल्ला म्हणून बोरॉनच्या डब्यात हात घातला.

अहो, थांबा! पण मला कुठलं तोंड? ती मूठ माझ्या पोटात विरघळली आणि माझ्याच नळीतून खालच्या ओळींवर गेली.

चौथ्या दिवशी त्या ओळींच्या पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळाल्या.

"जाळलास ना मळा? मोठी आली शहाणी!" तहसीन ओरडला.

"मी तोलूनच घातलं होतं, दादा."

"मग काय पंपानं गिळलं?" त्यानं मला लाथ घातली. "शुक्रवारी ट्रॅक्टर मिळतोय. विषय संपला."

बाबा बांधावर चहाचा पेला धरून बसलेले. सगळं उमगलं होतं त्यांना, तरी गप्प! मित्रांनो, मला त्यांची भयंकर चीड आली. तीन दिवस मेलाहतला घास गेला नाही. पुड्यांचे कागद पुन्हा पुन्हा उलगडून ती आपलीच चूक शोधत होती.

शुक्रवारी ट्रॅक्टर बांधाशी येऊन घरघरू लागला. मेलाहत म्हणाली, "उपट, दादा. माझाच हात चुकला असेल."

तेव्हा बाबा उठले आणि ट्रॅक्टरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "तिचा नाही, माझा चुकला. वरून मूठ मी टाकली. आणि तीन दिवस पोरीला बोलणी खाऊ दिली. लाज वाटते मला."

तहसीननं इंजिन बंद केलं. तिघंही वरच्या ओळींकडे गेले. तिथली पानं हिरवीगार झाली होती.

मे महिन्यात त्या ओळींची फुलं वेगळी उकळली, तेव्हा तेवढ्याच फुलांतून गेल्या वर्षापेक्षा बोटभर जास्त तेल निघालं. खालच्या ओळी मात्र त्या वर्षी फुलल्याच नाहीत.

मित्रांनो, झाडाला हवं ते द्या, पण मापात द्या. आणि चूक झालीच, तर ट्रॅक्टर येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी सांगा. तुमच्या गप्प बसण्यापायी कुणीतरी उपाशी बसलेलं असतं.