मध्ये कुणी नाही

“अडॅप्टर बसतच नाहीये!” अपेक्षा फोनवर वैतागून म्हणाली, आणि गाळ्याच्या दारात उभे असलेले महिपती मुकाट्याने आत येऊन गादीवर बसले.

त्यांना ‘अडत्या’ ऐकू आलं होतं. त्यात त्यांच्या कानांचा फारसा दोष नव्हता. ज्याची हयात मार्केट यार्डात गुळाची अडत करण्यात गेली, गुऱ्हाळवाल्याचा माल लावायचा, व्यापाऱ्याला विकायचा आणि मध्ये उभं राहून दोघांची बोलणी खायची, त्याला दुसरं काय ऐकू येणार? शिवाय सकाळपासून गाळ्यात तेच एकटे उभे होते. पोरीने बसायला सांगितलं असेल तर बसावं, असा सरळ विचार त्यांनी केला.

“अरे, काढून बघितला ना! जुना काढला, साफ केलं, परत टाकला. तरी तेच. हा अडॅप्टरच बेकार आहे,” अपेक्षा सांगत होती. पलीकडे तिच्या कंपनीतला इंद्रजीत होता.

महिपती पुन्हा उभे राहिले.

“पप्पा, तुम्ही उठाबशा का काढताय?”

“तूच म्हणतीयेस. अडत्या बसत नाही, अडत्याला काढा, अडत्या बेकार आहे.”

अपेक्षाने फोन कानापासून दूर धरला. तिला हसू आलं होतं, पण तेवढ्यात स्क्रीनवर पुन्हा तांबड्या ओळींची रांग लागली आणि ते हसू तिथेच राहिलं.

“अडत्या नाही हो. अडॅप्टर.”

“चार्जरचा ना? कोपऱ्यावर मिळतो. आणवू का?”

“तो नाही. हे बघा,” ती घाईघाईने म्हणाली, “मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, तो इकडे. कुणाचा किती माल, काय भाव, ही माहिती जिथे ठेवलीये तो डेटाबेस तिकडे. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. मध्ये एक छोटं पॅकेज लागतं. ते याचं म्हणणं त्याला सांगतं, त्याचं याला. त्याला अडॅप्टर म्हणतात. माझ्या लॅपटॉपवर सगळं होतं, तो नेमका आज सकाळी बंद पडला. हा मैत्रिणीचा आणलाय, तर यावर तो इन्स्टॉलच होत नाही.”

“आणि तो नसला तर?”

“तर काहीच चालत नाही. दोघं आपापल्या जागी गप्प.”

महिपतींनी मिशीवरून एक हात फिरवला. यार्डातले लोक त्या हाताचा अर्थ ओळखून होते. शेठना एखादा भाव फार आवडला की तो हात असा वर जायचा.

आनंद व्हावा अशीच गोष्ट होती. कारण अपेक्षाच्या अंगात जो कंपनीचा पोपटी टीशर्ट होता त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मध्ये कुणी नाही’. गूळ गुऱ्हाळातून थेट गिऱ्हाइकाच्या घरी, असं ते ॲप होतं. मध्ये कुणी नाही यातला कुणी म्हणजे कोण, हे सांगायला बिबवेवाडीच्या त्यांच्या घरात कुणी लागत नव्हतं. आणि ते ॲप गुऱ्हाळवाल्यांना दाखवायला अपेक्षाने जागा मागितली ती वडिलांच्या गाळ्यात, कारण गुऱ्हाळवाले येतात तिथेच. “तुमच्याच गाळ्यात तुमच्याच तेराव्याचं जेवण घालताय,” असं बायको म्हणाली होती. महिपतींनी तरीही हो म्हटलं. नोकरी लागल्यापासून पोरीने बापाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

आत्ता मात्र त्यांची पंचाईत झाली होती. आज गुऱ्हाळवाल्यांनी नावं नोंदवली तर पुण्याचं काम कंपनी अपेक्षाच्या हाती देणार होती. नाही नोंदवली तर पुण्याचं काम बंद आणि अपेक्षा बेंगळुरूला. म्हणजे ॲप चाललं तर गुऱ्हाळवाले जाणार, नाही चाललं तर पोरगी जाणार. सकाळपासून देवासमोर हात जोडताना नेमकं काय मागावं हेच महिपतींना सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले होते.

“पप्पा, ते लोक निघाले का बघा ना.”

महिपतींनी बाहेर डोकावलं. सकाळचा सौदा कधीच आटोपला होता. यवतकडचे पाच-सहा गुऱ्हाळवाले शेडखाली पोत्यांवर बसून जांभया देत होते, आणि चंद्रभागाआक्का पदर खोचून टेंपोच्या दिशेने निघाल्या होत्या. आक्का उठल्या म्हणजे सगळे उठणार. नवऱ्याच्या माघारी गुऱ्हाळ एकहाती चालवणारी ती बाई, तिच्या शब्दाबाहेर त्या भागात कुणी जात नसे.

“किती वेळ लागेल तुला?”

“माहीत नाही.” अपेक्षाचा आवाज एकदम बारीक झाला. लहानपणी सायकलवरून पडली की असाच व्हायचा. “इंद्रजीत म्हणतोय पायथनचं व्हर्जन बदलून बघ. तेही बघितलं. पप्पा, मला नाही वाटत होईल.”

एवढं ऐकलं आणि महिपतींच्या मनातला देवासमोरचा गोंधळ मिटला. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

दोन चिडलेली माणसं जागेवरून उठू द्यायची नाहीत, ही अडत्याची अर्धी विद्या. चहा सांगून उपयोग नव्हता, दोन चहा झाले होते. राजकारण काढून उपयोग नव्हता, आक्कांना त्यात रस नव्हता. पण आक्कांना भांडण अर्धवट टाकून जाताना आजवर यार्डात कुणी पाहिलं नव्हतं.

“आक्का,” महिपतींनी शेडच्या या टोकावरून मुद्दाम मोठ्याने हाक मारली, “मागच्या खेपेला गुळात पावडर घातली होती म्हणे.”

आक्का थांबल्या. सावकाश वळल्या. पोत्यांवरचे गुऱ्हाळवाले जांभया देता देता थबकले.

“कोण म्हनतंय?”

“गिऱ्हाईक म्हणतंय.”

“त्या गिऱ्हाइकाला उभं कर हितं. न्हाई, तूच उभा ऱ्हा. महिपता, माझ्या सासऱ्यापासून आमच्या काहिलीत पावडर पडली न्हाई, आन् तू चार मानसांत बोलतूस?”

“रंग जरा जास्तच पिवळा होता, एवढंच म्हटलं.”

“तुझे डोळे पिवळे!”

मग जे सुरू झालं ते वर्णन करण्याजोगं आहे, पण छापण्याजोगं नाही. आक्कांनी पावडरीवरून मापाला हात घातला, मापावरून भावाला, आणि भावावरून महिपतींच्या वडिलांनी कधीकाळी केलेल्या एका सौद्याला. महिपती मधूनमधून एखादी काडी टाकत होते. आक्का दमल्याशा वाटल्या की “तरीपण” म्हणत होते. हमाल हातगाड्या सोडून गोळा झाले. गुऱ्हाळवाल्यांपैकी एकाने टेंपोवाल्याला थांब म्हणून खूण केली, कारण असलं काही सोडून घरी कोण जातं? महिपतींना घाम फुटला होता, पण मान खाली घालून ऐकून घ्यायची त्यांना सवय होती आणि तो त्यांच्या पोटापाण्याचा भागच होता. फक्त आज पहिल्यांदाच ते मनातून म्हणत होते, आक्का, थांबू नका.

“पप्पा!”

अपेक्षा दारात उभी होती. केस विस्कटलेले, तोंडभर हसू.

“चालू झालं.”

“आक्का,” महिपती तत्काळ हात जोडून म्हणाले, “चुकलं माझं. गूळ सोन्यासारखा होता.”

आक्कांचं तोंड उघडंच राहिलं. महिपतीने चूक कबूल करावी हे इतकं नवीन होतं, की काय भानगड आहे ते बघायला त्या सगळ्यांच्या आधी गाळ्यात शिरल्या.

“काय अडलं होतं?” महिपतींनी हळूच विचारलं.

“अडॅप्टरचा काही दोषच नव्हता हो. तो तयार होताना डेटाबेसकडचं थोडं सामान लागतं. ते या लॅपटॉपवर नव्हतंच. त्या तांबड्या ओळींतल्या मधल्याच एकीत चक्क लिहिलेलं होतं, मी नीट वाचलंच नाही. ते सामान टाकलं आणि पठ्ठ्या बसला.”

“मग सकाळपासून शिव्या त्याला का?”

“समोर तोच दिसत होता ना.”

हे बोलून झाल्यावर अपेक्षा बापाकडे बघत राहिली. मग उगीचच चार्जरची वायर गुंडाळायला लागली, जी लॅपटॉपला लावलेली होती.

ॲप झकास चाललं. अपेक्षाने आक्कांच्याच गुळाचा फोटो काढला, भाव टाकला, आणि कोथरूडच्या कुठल्याशा सोसायटीतून विचारणा आलेली दाखवली. गुऱ्हाळवाल्यांनी माना वाकवून बघितलं. भाव यार्डापेक्षा बरा होता. महिपती पाठीमागे भिंतीला टेकून उभे होते आणि तो भाव त्यांनाही दिसत होता.

“आन् मधी कोन?” आक्कांनी विचारलं.

“कुणी नाही, आक्का. थेट.”

“माल उशिरा पोचला, पैशे अडकले, भाव पडला, तर बोलायचं कुनाशी?”

“ॲपमध्ये तक्रारीचा कॉलम आहे. तिथे लिहायचं.”

“शिव्या लिवल्या तर घेतंय का ते?”

सगळे हसले. अपेक्षाही हसली, पण आक्का हसल्या नव्हत्या. त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांनी पिशवी उचलून काखेत मारली आणि त्याबरोबर बाकीच्यांचेही हात पिशव्यांकडे गेले. अपेक्षा काहीतरी सांगायला गेली, हेल्पलाइन, चोवीस तास, पण तिचा आवाज पुन्हा तसाच बारीक झाला.

महिपतींनी एकदा छताकडे पाहिलं. गप्प राहायचं, बस्स, दुसरं काही करायचं नव्हतं. आणि त्यांना ते जमेना.

“आक्का, नाव घाला,” ते म्हणाले. “पोरगी माझी आहे. काही कमीजास्त झालं तर मी आहे.”

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, मग अपेक्षाच्या पाठीवरच्या अक्षरांकडे.

“मधी कुनी न्हाई म्हनती,” त्या म्हणाल्या, “आन् मधी तूच हायेस की रं!”

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नाव सांगितलं. बाकीच्यांनीही सांगितलं.

अपेक्षाचं बेंगळुरू टळलं. पुण्याचं काम तिला मिळालं. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा बोलणं झालं नाही. महिपतींच्या गाळ्यात आता सकाळी ढेपा कमी लागत, आणि ते पेपर जास्त वाचत. पेपर वाचणारा अडत्या यार्डात चांगला दिसत नाही, म्हणून ते तो वहीखाली धरून वाचत. पोरगी गावात राहिली, हे खरं. पण सकाळी त्यांच्या नावाने कुणी ओरडत येत नव्हतं, आणि त्याचं इतकं वाईट वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढे एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसलेले असताना महिपतींचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

“नमस्कार. कोथरूडहून बोलतेय,” पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या. “आम्ही गूळ मागवला होता. आपण फरशी पाठवलेली दिसते. बत्ता तुटला, गूळ शाबूत आहे. तर फरशी परत नेता की गवंडीही पाठवता?”

“माझा नंबर आपल्याला कुठे मिळाला?”

“ॲपवर. ‘तक्रार सांगायची असल्यास’ असं लिहून खाली आपलं नाव आणि नंबर आहे. का, आपण तक्रारी रविवारी ऐकत नाही का?”

महिपतींनी मान वर केली. समोर अपेक्षा आमटीत बोट घालून कोथिंबिरीचं पान फार काळजीपूर्वक बाजूला काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

“ऐकतो ना,” महिपती म्हणाले. “बोला आपण.”

उष्ट्या हातानेच ते गॅलरीत गेले. कोथरूडच्या बाई बोलल्या, आणि बऱ्याच बोलल्या. महिपती “खरंय” म्हणत होते, “अगदी बरोबर” म्हणत होते, “उद्या बदलून देतो, बत्त्याचंही बघतो” म्हणत होते. तो फोन ठेवून त्यांनी यवतला लावला आणि “आक्का, ढेपा सिमेंटच्या ओतता का हल्ली?” एवढं म्हटलं. पुढे त्यांना बोलायला जागा मिळाली नाही. फोन कानापासून वीतभर लांब धरून ते उभे राहिले. घरातल्या दोघींना आक्कांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ते परत आले तेव्हा ताटातली भाकरी वाळून गेली होती. ते मांडी घालून बसले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मिशीला आमटी लागली.

“कुणाचा होता हो एवढा फोन?” बायकोने विचारलं.

“ऑफिसचा,” महिपती म्हणाले.

आणखी काही विचारायला बायकोने तोंड उघडलं, तेवढ्यात अपेक्षा उठली.

“आई, तू बस,” ती म्हणाली. “पप्पांना गरम भाकरी मी वाढते.”