तळातली डाळ

राजाजीनगरातल्या तुंगाबाईंच्या घराला बावीस पायऱ्या. चाळीस वर्षं बाई त्या दिवसातून दहादा चढल्या, आणि आता? पाचवीवरच मटकन बसायच्या, उठवायला दोघं लागायची. शेवटी मुलगा वेणुगोपाल म्हणाला, "अम्मा, गावाबाहेर देवनहळ्ळीला तळमजल्याचं घर बघितलंय. दिवाळी झाली की जाऊ."

तुंगाबाईंनी बोटं मोडली. भाजीवाली, शेजारची श्यामला, दुपारचं भजन, सगळं सोडून त्या माळावर जायचं? मेलं ते घर!

जायच्या आधी पाय दाखवायला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "जेवता काय?"

"दोन्ही वेळा वरणभात," तुंगाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"कसलं वरण!" सून रूपश्रीला राहवलं नाही. "आम्हाला तळापासून ढवळून वाढतात, आणि स्वतः शेवटी बसून उरलेल्या पाण्यात भात कालवतात."

"म्हाताऱ्या माणसाला हलकंच बरं!"

"चूक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतारवयात भूक कमी होते, पण पायांतली ताकद टिकायला डाळ, दूध, दही जास्तच लागतं. आणि रोज खुर्चीतून दहादा उठा."

घरी येताच तुंगाबाई उखडल्या. "पोरांच्या आधी मी गिळू? लाज नाही वाटायची?"

"सरी अम्मा, ठीक आहे," रूपश्री शांतपणे म्हणाली, "मग देवनहळ्ळीची बांधाबांध करते."

तुंगाबाईंनी लगेच पाट मांडला! त्या दिवसापासून पहिलं पान तुंगाबाईंचं. पहिले आठ दिवस पोरांच्या आधी जेवताना डोळ्यांत पाणी यायचं. पण घट्ट वरण, मोड आलेले मूग, वाटीभर दही, सगळं हट्टानं संपवलं. खुर्चीतून उठताना गुडघे कुरकुरले, बाईही कुरकुरल्या, पण चार महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारी वेणुगोपाल नव्या घराची किल्ली आणायला निघाला. तुंगाबाई दूध घेऊन खाली जिन्याशी उभ्या.

"थांब अम्मा, हात देतो."

"बाजूला हो रे!"

पाचवी गेली. दहावी गेली. पंधरावीवर दम लागला, खाली श्यामलाचा जीव टांगणीला. "अक्का, स्वल्प बसा, जरा टेका!" अक्का कसल्या बसताहेत! बाविसावीवर पाऊल पडलं आणि श्यामलानं टाळ्याच पिटल्या.

वेणुगोपाल खालीच उभा, तोंड वासून. तुंगाबाईंना इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"देवनहळ्ळीला तूच राहा हो, सणावाराला भेटायला ये!" त्या वरून ओरडल्या. मग आत जाऊन पाटावर बसल्या, ताट पुढं ओढलं.

"रूपश्री, वाढ गं. आणि तळापासून ढवळ."