ज्या तिवईवर कुसुमताई उभ्या राहिल्या

मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कसली तिवई, हिच्यावर तर पाण्याचा तांब्याही कुणी ठेवणार नाही. खरे आहे, मित्रांनो. तीन पायांची, जुनी आणि इतकी बुटकी, की तुमच्या गुडघ्यालाही मी पोहोचत नाही. हैदराबादेत जामबागच्या एका गल्लीत एक छोटे चर्च आहे. सकाळी तिथे तेलुगू उपासना होते आणि दुपारी आमची मराठी मंडळी जमते. तिथेच माझा मुक्काम असतो. माझी कहाणी ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही. मलाही ती सांगताना होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. चर्चमधल्या त्या बाकाला वाळवी लागली होती. त्यातला धड उरलेला तुकडा कुसुमताई साळवे यांनी पाळकांकडून मागून घेतला. कुसुमताई मूळच्या जालन्याच्या. लग्न होऊन इथे आल्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. पती वारले होते आणि मूलबाळ नव्हते. आठवड्यातून तीनदा त्या अफझलगंजहून बस धरून एका सरकारी दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जात. तिथे भेटायला येणाऱ्याला बसायला जागा कुठली? ताई खाटेच्या कडेवर बसत. एकदा एका म्हाताऱ्याने त्यांना जागा करून देण्यासाठी आपला प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून सरकवला आणि कळवळला. ताई तशाच उठल्या. दुसऱ्या दिवशी तो लाकडाचा तुकडा घेऊन त्या सुताराच्या दुकानात गेल्या.

"निजलेल्या माणसाला माझ्याकडं बघायला मान वर करावी लागू नये, एवढी बुटकी कर," त्या म्हणाल्या.

सुतार हसला. "इतनी छोटी? बच्चों के वास्ते क्या, अम्मा?"

"नाही रे बाबा, माझ्यासाठीच."

अशी मी झाले. त्यानंतर अकरा वर्षे मी ताईंच्या काखेत दवाखान्याचे जिने चढले आणि उतरले. कंडक्टर मला पाहून हसत. मला त्याचे काही वाटत नसे, कारण वॉर्डात गेल्यावर माझा थाट काही और होता. तेलुगूत बसायच्या पाटाला 'पीट' म्हणतात. म्हणून ताईंना तिथे सगळे 'पीटम्मा' म्हणत. त्यांच्या नावात मी होते! एवढा मान किती खुर्च्यांना मिळाला असेल?

ताईंच्या पिशवीत नेलकटर, फणी आणि खोबरेल तेलाची बाटली असे. सगळ्यांत खाली बायबल असे. आधी त्या विचारत, "नखं काढून देऊ का?" आजारी माणसाची नखे फार वाढतात आणि तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. बायबल मात्र कुणी विचारल्याशिवाय पिशवीतून बाहेर येत नसे. कित्येक महिने ते आलेही नाही. आमच्या मंडळीतले लोक यावरून ताईंना टोचत. "अकरा वर्षं जाताय ताई, एक तरी आत्मा प्रभूकडे आणलात का?" असे कुणी ना कुणी म्हणेच. ताई हसून सोडून देत. पण त्या रात्री घरी आल्या, की मला कोपऱ्यात ठेवताना त्यांचा हात जड झालेला असे. मला ते कळत होते.

मग कोंडाबाई आल्या. नांदेडकडच्या बौद्ध घरातल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा धम्मानंद विजेच्या कचेरीत कारकून होता आणि नात दीक्षा कॉलेजात शिकत होती. फुप्फुसात पाणी झाले होते, त्यामुळे कोंडाबाईंना आडवे होता येत नसे. उशांना टेकून त्या दिवसभर दाराकडे पाहत राहत. ताईंनी त्यांच्या हातापायांची नखे काढली, वेणी घातली आणि मग नुसत्याच बसून राहिल्या. असे दीड महिना चालले.

एके दिवशी कोंडाबाईच म्हणाल्या, "ताई, तुमी किरिस्ताव ना? मग तुमच्या देवाचं कायबी सांगत कसं नाई? बाकीचे तर कागदं वाटीत फिरत्यात."

"तुम्ही विचारलं नाहीत, अक्का."

"आता इचारते की."

ताईंनी हातातली फणी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितले ते मला शब्दन्‌शब्द आठवते. "माझे मालक गेले तेव्हा मी तीन महिने कुणाशी धड बोलले नाही. देवाशीसुद्धा नाही. येशूवर राग धरला होता मी. तरी तो उठून गेला नाही, जवळ बसून राहिला, असं मला वाटलं. म्हणून मीपण कुणाजवळ तरी येऊन बसते. याहून जास्त मला ठाऊक नाही."

"चांगलं हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "पर मी बाबासाहेबांची लेक हाय. मरंस्तोवर बुद्धाचीच ऱ्हाईन."

"राहा की. मी काय तुम्हाला कुठं न्यायला आले?"

यावर दोघी हसल्या. कोंडाबाईंना हसता हसता ढास लागली, तेव्हा ताईंनी त्यांची पाठ चोळली. नंतर कोंडाबाईंनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे यजमान नागोराव असेच एका दवाखान्यात वारले होते. "मी खाली चहा आणाया गेले अन् तेवढ्यात ते गेले. हातात कुनाचा हात नव्हता. मला मरनाचं भ्या नाई, ताई. त्येचं भ्या वाटतं. माज्या वक्ताला तुमी हात धराल?"

"धरीन," ताई म्हणाल्या. "मी असेन."

"मग आज तुमच्या देवाला माज्या धम्मानंदासाठी कायतरी मागा. त्येला झोप लागत नाई माज्या काळजीनं."

ताईंनी दोन वाक्यांची प्रार्थना केली. कोंडाबाईंनी हात जोडले. "तुमच्यात शेवटाला काय म्हनत्यात?" त्यांनी विचारले. "आमेन." "आमेन," कोंडाबाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्या घरच्या रीतीने वागावे तशा. इतकेच झाले होते. मी तिथे होते, माझ्यावर विश्वास ठेवा.

आमच्या मंडळीत दर महिन्याचा पहिला रविवार साक्षींचा असतो. देवाने आपल्यासाठी काय केले, ते लोक पुढे येऊन माइकवर सांगतात. इथे लोक साक्षीच्या आकाराने माणसाचा आकार मोजतात. त्या रविवारी कुलदीप नावाच्या गृहस्थांनी साक्ष दिली, की त्यांनी एका खेड्यात सात घरांना शुभवर्तमान सांगितले. टाळ्या पडल्या. मग पाळक सहज म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही कधी बोलत नाही. आज बोला की." ताईंनी नको नको म्हटले. मागून कुणी तरी कुजबुजले, "त्यांच्याकडं काय असणार!" ताईंनी ते ऐकले. आणि मित्रांनो, त्या उठल्या.

माइकचा दांडा गंजलेला होता, खाली येईना. ताई ठेंगण्या. चर्चचे व्हिडिओ काढणारा अभिजीत पुढे आला आणि म्हणाला, "ताई, तुमची तिवई आहे ना, चढा की त्यावर." उपासनेनंतर आम्ही परस्पर दवाखान्यात जाणार होतो, म्हणून मी सोबत होते. त्याने मला माइकपुढे ठेवले आणि ताई माझ्यावर उभ्या राहिल्या.

अकरा वर्षांत त्या माझ्यावर फक्त बसल्या होत्या. त्यांचे तळवे मी पहिल्यांदाच अनुभवले.  त्यांनी दवाखान्याचे, वॉर्डाचे आणि कोंडाबाईंचे नाव घेतले. मी प्रार्थना केली, कोंडाबाईंनी हात जोडले, आमेन म्हटले, असे सांगितले. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण 'मरंस्तोवर बुद्धाचीच ऱ्हाईन' हे त्यांनी सांगितले नाही. टाळ्या सुरू झाल्या, कुणी तरी 'हालेलुया' म्हणून ओरडले आणि ते वाक्य ताईंच्या घशातच राहिले. त्या दोन मिनिटांत माझा एक पाय मोडला असता तर फार बरे झाले असते. नको तेव्हा मी नेमकी मजबूत निघाले.

अभिजीतने तो व्हिडिओ 'कोंडाबाईंनी प्रभूला स्वीकारले' असे नाव देऊन सगळीकडे पाठवला. त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. बुधवारपर्यंत तो दीक्षाच्या मोबाईलवर पोहोचला होता.

शुक्रवारी आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा धम्मानंद खाटेजवळ उभा होता. सडपातळ, शांत माणूस. तो ओरडला असता तर ताईंना बरे वाटले असते. तो हळूच बोलला.

"ताई, तुम्ही माझ्या आईची वेणी घालत होता. मी घरी सांगायचो, असं माणूस मिळत नाही म्हणून. आमच्या आजाला गावात पाणवठ्यावर चढू देत नव्हते. त्यानं बुद्धाची दीक्षा घेतली ती माणूस म्हणून उभं राहायला. अन् तुम्ही आमच्या मायला शिकार केल्यासारखं लोकांना दाखवलं. टाळ्या घेतल्या तिच्या नावावर."

 ताई माझ्यावर बसायलाही विसरल्या. "माझं चुकलं, धम्मानंद," एवढेच त्या म्हणाल्या.

"ते मला सांगू नका."

कोंडाबाई उशांना टेकून होत्या. त्यांनी ताईंकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होते. "ताई, मी आमेन म्हनले ते तुमच्या तोंडाकडं बगून. ते तुमी चावडीवर न्हेलं व्हय?" एवढे बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

त्या दिवसापासून ताईंना वॉर्डात जायला बंदी झाली. दारावरचा माणूस ओळखीचा, ताईंनी त्याच्या आईचीही नखे काढलेली. तोही ओशाळून म्हणाला, "क्या करूं, पीटम्मा, उनके बेटे नक्को बोले. अंदर मत जाओ." ताईंनी अभिजीतला सांगून व्हिडिओ पुसायला लावला. पण बैल गेला आणि झोपा केला, तसे झाले. एकाने पुसला तरी पन्नासांकडे तो होताच. ताईंनी मंडळीपुढे उभे राहून सांगितले, की त्या बाई बौद्धच आहेत, चूक माझी आहे. तर लोक म्हणाले, "छळ सोसावाच लागतो, ताई. तुमच्यासाठी प्रार्थना करतो." मला संताप आला, पण लाकडाच्या संतापाला कोण विचारतो?

ताईंना कोंडाबाईंना दिलेले वचन आठवत होते. वॉर्डाबाहेर, वरच्या मजल्याच्या जिन्याखाली, एक कोपरा होता. तिथे मला मांडून त्या रोज बसू लागल्या. सकाळी दहाला येत आणि भेटीची वेळ संपली, की जात. सतरा दिवस त्या अशा बसल्या. धम्मानंद येता-जाता त्यांना पाहत असे. तो थांबत नसे. त्याचा तरी काय दोष? जिन्याखाली बसलेल्या बाईला आता त्याने कोणत्या भरवशावर आत घ्यायचे?

अठराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, धम्मानंद कचेरीत होता. दीक्षा तपासणीचे कागद आणायला खालच्या मजल्यावर गेली होती. तिथे रांग होती. ती वर परतली तेव्हा सगळे संपले होते. ताई जिन्याखालीच होत्या. वॉर्ड आणि आमच्यामध्ये फक्त एक दार होते.

संध्याकाळी स्ट्रेचर बाहेर आले. चादरीतून एक पाऊल उघडे राहिले होते. त्याची नखे वाढलेली होती. ताई उठल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मागून दीक्षा येत होती. पोर रडून रडून लाल झाली होती. ती ताईंजवळ थांबली.

"आजी तुम्हाला पूछत होती, ताई. सकाळपास्नं दोनदा. 'नखंवाली ताई आली का' म्हणे." तिने ओढणीने तोंड पुसले. मग ती म्हणाली, "तुम्ही इथं आहे, मला मालूम होतं. पण पप्पाला भिऊन मी बोलले, की तुम्ही नाही आल्या."

ताईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दीक्षा निघून गेली. त्यानंतर कुसुमताई पुन्हा माझ्यावर बसल्या नाहीत. मला चर्चमध्ये आणून दिले आणि दवाखान्यात जाणे सोडले. मी विचारू शकत नव्हते, पण मला विचारायचे होते, की बाकीच्या खाटांवरच्या आजाऱ्यांनी काय केले होते? ताईंच्या जागी मंडळीतले दुसरे कुणी गेले नाही. वॉर्डात आता पीटम्मा येत नाही. ताई रविवारी शेवटच्या बाकावर बसतात आणि साक्षी सुरू झाल्या, की बाहेर जाऊन उभ्या राहतात. त्यांचा देव त्यांच्याजवळ अजून बसलेला आहे की नाही, हे मला माहीत नाही. पूर्वी मला वाटायचे, की मला माहीत आहे.

आणि माझे काय झाले, तेही सांगते. माइकचा दांडा कुणी दुरुस्त केला नाही. त्याची गरजच उरली नाही, कारण मी होते. अभिजीतने मला माइकखाली कायमची ठेवली. ठेंगणी माणसे, लहान मुले, ज्यांना उंच दिसायचे असते ती सगळी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्यावर चढतात. कुणी तरी दूरच्या कुणाचे नाव घेते, टाळ्या पडतात, आणि माझ्या पाठीवर त्यांच्या आनंदी टाचा आपटतात. मी अजूनही मजबूत आहे. याचे मला दुःख आहे.

मित्रांनो, तुमच्या मनात जे खरे आणि प्रेमाचे आहे ते जरूर सांगा. मी काही मुके राहा म्हणत नाही. पण माझ्यावर पाय ठेवण्याआधी एवढे करा. ज्याचे नाव तुमच्या ओठांवर आहे, त्याच्या खाटेशी जाऊन त्याला विचारून या. विचारले नसेल तर खाली उतरा. कोंडाबाईंना कुणी विचारले नव्हते.