पाचवी गाठ

दोरीची पाचवी गाठ कोरडी होती. आधीच्या चार ओल्या, काळपट, त्यांतून पाणी थेंब थेंब टेबलावर उतरत होतं, आणि चौथीच्या पुढे हातभर जाऊन ओल संपली होती — तिथून पुढे दोरी दुकानातून आणली तशीच, पिवळी, कडक. मोजणीदार ती गावच्या कार्यालयात तिच्या टेबलावर टाकून चहा घेत उभा होता. गाठीगाठीत एक वाव अंतर, त्याने सांगितलं, म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की होतं तेवढं. दोन दिवस होडीतून सगळं तळं पालथं घातलं, सर्वांत खोल जागा सापडली ती शाळेसमोर, आणि तिथेही सव्वीस फूट. लिहून घ्या, सव्वीस.

तिने पेन उचललं नाही. “तळ लागला?”

“तळं म्हटल्यावर तळ असणारच की, ताई.” तो हसला. “चांगला टणक आहे. चिखलसुद्धा फारसा नाही.”

वरच्या कार्यालयाला गावाची माहिती हवी होती, एका पानात. बाकीचं सगळं तिने सकाळीच लिहून टाकलं होतं, न बघता, हाताच्या सवयीने : गाव तळ्याच्या तीन बाजूंनी, चौथ्या बाजूला लव्हाळी, उत्तरेला उघडी टेकडी, रस्ता एकच, तो पोस्टापाशी वळसा घेतो आणि आला तसा परत जातो, लोकसंख्या तीन हजार एकशे अठरा. राहिली होती तेवढी तळ्याची खोली. त्या रकान्यात आजवर प्रत्येक कारकुनाने एकच शब्द लिहिला होता — अथांग. तिनेही, एकोणीस वर्षांच्या नोकरीत तीनदा, वळणदार अक्षरात.

आई त्या अथांगात गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. म्हणजे तसं तिला सांगण्यात आलं होतं... होडीवाला तीन दिवस बांबू घेऊन फिरला आणि चौथ्या दिवशी तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, तळच नाही ना पोरी, शोधायचं कुठे. तिने मानलं. पुढे नोकरीत आल्यावर शाळेमागचा सुतार बुडाला आणि तिसऱ्या दिवशी वर आला, त्याची नोंद तिनेच केली, तरीही तिला शंका आली नाही, कारण सुतार काठाशी बुडाला होता आणि आई मधोमध, जिथून वर यायला वाटच नाही. दोन बांबू एकमेकांना बांधले तर सव्वीस फूट सहज होतात. हे होडीवाल्याला ठाऊक नव्हतं? ज्याचा जन्म पाण्यावर गेला त्याला?

मोजणीदार दोरी गुंडाळून निघून गेला. टेबलावर पाण्याचं वेटोळं तेवढं उरलं.

आणि ती बादली. काठावर धुण्याची बादली सापडली होती, बाबांनी ती तशीच घरी आणली होती, आणि सहा वर्षांच्या तिने तिच्यात हात घालून एकेक कपडा बाहेर काढला होता : तिचे दोन फ्रॉक, बाबांचा खाकी गणवेश, उशीचा अभ्रा... आईचं एकही वस्त्र नव्हतं. घरातल्या दांडीवरही नव्हतं. देऊन टाकले, बाबा म्हणाले होते. पण ते केव्हा — बादली यायच्या आधी? इतकी वर्षं ही बादली माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि मी तिच्यात काय होतं तेच आठवत बसले, काय नव्हतं ते मोजलंच नाही. मी, जिचं काम मोजायचं आहे.

तिने स्टूल ओढलं आणि कपाटाच्या माथ्यावरचे जुने गठ्ठे खाली घेतले. आई गेली त्या वर्षीच्या नोंदवहीला वाळवी लागली, असं थोरल्या कारकुनांनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांनीच तिला हे काम शिकवलं, आजारी पडली तर घरी येऊन बसले, निवृत्तीच्या दिवशी स्वतःची खुर्ची तिला देऊन गेले. वहीला एकही भोक नव्हतं. मृत्यू एकवीस, प्रत्येकापुढे कारण : ताप, म्हातारपण, बाळंतपण, साप. बुडून कुणी नाही. शेवटच्या पानावर ‘गाव सोडून गेलेले’ — स्त्री, एक. पुढे तिच्याच घराचा क्रमांक, आणि अक्षर थोरल्या कारकुनांचं.

ज्या गावात कुणाचं दूध उतू गेलं तर संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना कळतं, त्या गावाने हे छत्तीस वर्षं पोटात ठेवलं. मी रस्त्याने जाताना बायका बोलता बोलता थांबायच्या, ते मला दयेपोटी वाटायचं. दया होतीही, पण तिच्यात मला सोडून सगळे सामील होते. शहरातल्या कार्यालयातली बढती मी दोनदा नाकारली. समुद्रकाठच्या गावातला एक मास्तर मला मागणी घालायला आला होता — चांगला होता, बोलताना चष्मा पुसायचा — त्याला मी नाही म्हटलं, आणि कारण विचारल्यावर म्हणाले, आईला इथे एकटं टाकून कशी येऊ. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि पाहुण्यांना चहा हवा का विचारलं.

बाबा ओटीवर वाटाणे सोलत होते. शहात्तर वर्षं, डोळे अधू, पण बोटं अजून पोस्टमनची, चपळ. तिने चपला काढल्या नाहीत. तशीच समोर उभी राहिली.

“बाबा, तळं सव्वीस फूट आहे.”

त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली. मग आणखी एक. “कुणी मोजलं?”

एवढंच विचारलं त्यांनी. खोटं आहे म्हणाले नाहीत, कसं शक्य आहे म्हणाले नाहीत. आपण घरी येईपर्यंत आशा धरून होतो हे तिला तेव्हा कळलं.

“घर सोडून गेली म्हणून सांगितलं असतं तर तू वाट बघत बसली असतीस,” बाबा परातीकडे बघत म्हणाले. “सहा वर्षांचं पोर. मेलेल्या माणसाची वाट बघावी लागत नाही.”

“पत्र आलं होतं?”

गावात येणारा प्रत्येक कागद तीस वर्षं त्यांच्याच हातून गेला होता, आणि एकही कार्ड कधी चुकीच्या दारात पडलं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान होता.

“पहिल्या वर्षी. दोन.”

“तुम्हाला?”

त्यांनी परातीतली टरफलं एका बाजूला सारली. “तुझ्या नावाची होती,” ते म्हणाले.

त्यांचं काय केलं, हे तिने विचारलं नाही. विचारलं तर ते सांगतील, आणि सांगितल्यावर या माणसाला रात्री जेवायला वाढणं आपल्याला जमणार नाही, असं तिला वाटलं. आणि वाढावं तर लागणारच होतं. ती आत गेली, पाट ओढून भिंतीला टेकून बसली. बुडालेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून तिने आईवर कधी राग धरला नव्हता, आणि आता तो एकदम सगळा आला, छत्तीस वर्षांचा, बाबांवरच्या रागात मिसळून, कुणावरचा कुठला ते निवडता येईना. आई आता चौसष्ट वर्षांची असेल. कुठल्यातरी गावाच्या लोकसंख्येत ती धरलेली असेल, माझ्यासारख्याच एखादीने तिच्या दारात उभं राहून विचारलं असेल, घरात माणसं किती, मुलं किती... मुलं किती, याला काय सांगितलं असेल तिने?

फाटक वाजलं. या वेळेला दूधवाली येते, रोज, वर्षानुवर्षं. तिची पावलंही ओळखीची. तरी पाटावर बसलेल्या तिची मान वर झाली, डोळे दारावर जाऊन खिळले, बाहेर कुणीतरी भांडं पुढे कर म्हणेपर्यंत.

दूधवालीच होती. याचा मला राग आला.