ओट्यावर ठेवलेली पेटी

केजात महारुद्रला दोन गोष्टींवर बोलू द्यायचं नाही, असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. एक गुळाचा भाव, आणि दुसरी संगीताचं शिक्षण. त्याचं किराणा दुकान होतं, त्यामुळे गुळावर बोलायला लागला तर चहा संपेपर्यंत तरी आटपायचा. संगीतावर सुरू झाला की हॉटेलवाल्यानं भांडी घासायला घेतली तरी बाबा आपला चालूच.

"शिकलेल्याचा हात बांधला जातो, बे," तो म्हणायचा. "मोबाईलवर बघा की जरा. परदेशातले मोठमोठे गिटारवाले, कित्येकांना सुरांचा कागद वाचता येत नव्हता. अन् कागद वाचणारे त्यांच्या मागं बसून वाजवायचे! कावून? देव काय पुस्तक बघून अंगात येतो व्हय?"

त्यावर बिभीषण एकटाच तोंड उघडायचा. "आरं, न शिकता मोठे झाले ते दिसतात तुला. न शिकता गाढवच राह्यले त्यांची मोजदाद कुणी ठेवलीय?" सगळे हसायचे, महारुद्रही हसायचा. अशी त्यांची दोस्ती होती, एका ताटात जेवायची.

बिभीषण महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. लातूरला गुरूच्या घरी पाणी भरून शिकलेला, परीक्षा दिलेल्या. महारुद्र त्याच मंडळात गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरनं पोलादी कांडी घसरवत वाजवायची ती गिटार. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं ती घेतली होती. तारा कशा लावायच्या हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं बिभीषणाच्या पेटीवर कानानंच लावून घेतल्या होत्या.

आणि त्या तारांवर एका श्रावणी सोमवारी त्याला ती चाल सापडली. खालून उचलायची, एकदम वर जायची, तिथं जराशी घुटमळायची आणि मग पायऱ्या उतरावं तशी खाली यायची. फक्त शेवटच्या पायरीच्या आधी थांबायची. उंबऱ्याशी पोरीचा पाय अडखळावा, अगदी तशी. कुणीतरी लग्नात ती पाठवणीला वाजवायला लावली, बायका ढसाढसा रडल्या, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत रीतच पडली. नवरी गाडीत बसायच्या वेळी महारुद्रची चाल. दुसऱ्या कुठल्या बँडवाल्यानं तिला हात लावायचा नाही. लावलाच तर महारुद्र मांडवात जाऊन भांडायचा. उभ्या जन्मात त्यानं स्वतःचं म्हणावं असं एवढंच तर केलं होतं! दुकान बापाचं, घर बापाचं, नावसुद्धा आजोबाचं.

मग तो दिवस उजाडला. देवळाच्या सभामंडपात बिभीषण पोरांना पेटी शिकवायचा. महारुद्र कापूर घेऊन आला तर आतून त्याचीच चाल ऐकू आली. पोरं तीच वाजवत होती, एकामागून एक, ओळीनं! महारुद्रच्या मस्तकात सणक गेली. भजनाला माणसं जमेपर्यंत तो कसाबसा थांबला आणि मग भर मंडळात ओरडला, "चोर हाय ह्यो! माझी चाल पोरांना विकायलाय!"

"खाली बस," बिभीषण म्हणाला. "बस, सांगतो तुला."

"तू काय सांगणार, बे?"

त्या मंडळात एक जुनी रीत होती. ज्याला काढून टाकायचं त्याच्याशी वादावादी करायची नाही. त्याचं वाद्य उचलून बाहेर ओट्यावर ठेवायचं. ज्यानं ते ओट्यावरून उचललं तो पुन्हा पायरी चढत नाही. महारुद्रनं पेटी उचलली आणि स्वतःच्या हातानं ओट्यावर नेऊन ठेवली. कुणी ब्र काढला नाही. कसा काढतील? मंडळाची सतरंजी महारुद्रची, दिवाबत्ती महारुद्रची, सप्त्याचा शिधा महारुद्रच्या दुकानातला. खाल्ल्या घराचे वासे मोजायला छाती लागते. बिभीषणानं एकदा महारुद्रकडे बघितलं, पेटी उचलली आणि गेला. पुढं तो बायकोमुलांसकट माजलगावला गेला आणि मोंढ्यात मापाडी म्हणून धान्य मोजायला लागला. महारुद्रला वाटलं, बरं झालं, खरकटं निघालं.

वर्षं गेली. महारुद्रची पोरगी कावेरी कॉलेजात गेली आणि हटूनच बसली की मला गाणं शिकायचंय. महारुद्रनं आदळआपट केली. पण पोरगी बापाच्याच वळणाची. शेवटी स्टँडमागं गंगासागर मॅडमचा नवीन क्लास होता, तिथं ती जायला लागली. मॅडम सोलापूरकडच्या. केजात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, महारुद्र कोण हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

एका संध्याकाळी वारं सुटलं, आभाळ आलं, म्हणून महारुद्र पोरीला आणायला गेला. जिन्यातच तो थांबला. वर सगळी पोरं एका सुरात म्हणत होती, "नि सा म, म ग, प म ग, म ग रे सा." त्याचीच चाल! तो धडधडत वर गेला.

"कुणाकडनं उचललं हे?" तो गरजला. "त्या बिभीषणानं दिलं का?"

मॅडम दचकल्या. पण पालक आहेत म्हणून शांतपणे म्हणाल्या, "कोण बिभीषण? अहो, हा भीमपलास राग आहे. त्याची ओळखच अशी करून देतात. आमच्या गुरूंनी असाच शिकवला, त्यांच्या गुरूंनीही. कुठल्याही गावात क्लासला जा, पोरं हेच म्हणत असतील."

पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत खुदखुदली. कावेरी मान खाली घालून बसली होती. तिला ठाऊक होतं! शिकायला लागली त्याच महिन्यात तिला कळलं होतं आणि बापाला सांगायची तिची हिंमत झाली नव्हती. महारुद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर आयुष्यभर मिशीला पीळ दिला, ते पोरासोरांचं बाराखडीचं पान निघालं. आणि त्या बाराखडीसाठी त्यानं मित्राला चोर ठरवून देवळाबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यानं माजलगाव गाठलं. बिभीषण मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगापाशी काट्याजवळ बसला होता, डोक्याला रुमाल, भुवयांवर भुसा. त्यानं महारुद्रला ओळखलं, पण उठला नाही.

"तुला पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं," महारुद्र म्हणाला.

"व्हय."

"मग बोलला कावून न्हाईस? माझं मन मोडंल म्हणून?"

बिभीषण खो खो हसला. त्या हसण्यात माया नव्हती. "लई मोठं समजतोस की स्वतःला! मजा यायची, बे. तू चहाच्या टेबलावर शिकलेल्याला शिव्या घालायचास अन् मी मनात म्हणायचो, बोल राजा बोल, पहिलीचं पुस्तक काखोटीला मारून बोल. त्या दिवशी सांगणार होतो, पर तूच पेटी उचललीस."

महारुद्र पोत्यावर बसला. त्याला रडू फुटायला आलं होतं, पण भर बाजारात लाज वाटली. "म्हणजे माझं काहीच न्हवतं त्याच्यात."

बिभीषणानं काट्यावरचं पोतं उतरवलं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज आणखी कडू झाला होता. "होतं ना. तेच तर खुपायचं. शेवटच्या 'सा'च्या आधी, 'रे'वर थांबायचास तू. तिथं थांबायचं नसतं, भीमपलासात 'रे' नुसता ओलांडून जायचा असतो. गुरूनं मला तिथं थांबलो म्हणून हातावर छडी मारलीवती. अन् तू, अडाणी माणूस, बिनदिक्कत थांबायचास, अन् माझ्या अंगावर काटा यायचा. मी इतकं शिकलो, पर असं एक चुकीचं माझ्या हातनं कधी झालं न्हाई. घरी दार लावून थांबून बघितलं म्या. न्हाई जमलं. माझं नुसतं चुकलंच."

"परत ये," महारुद्र म्हणाला. "पाया पडतो तुझ्या. पेटी मी माझ्या डोक्यावरनं आत नेतो."

"ओट्यावर ठेवलेली पेटी आत जात न्हाई. रीत तुमचीच हाय. अन् ती पेटी तरी कुठं राह्यली? पोटासाठी विकली." बिभीषणानं हमालाला हाक मारली आणि पुढचं पोतं काट्यावर घ्यायला लावलं.

महिन्याभरानं नारायणगडावर कार्यक्रम होता. सुपारी कधीच घेतलेली, नाही म्हणता येईना. माणूस दाटीवाटीनं बसलेला. पुढच्याच रांगेत कावेरी, शेजारी गंगासागर मॅडम. महारुद्रनं गिटार मांडीवर घेतली, कांडी धरली आणि सुरू केलं. आजवर हात जायचा आणि मागनं मन जायचं. आज मन पुढं पळत होतं आणि प्रत्येक सुराला नाव घेऊन हाका मारत होतं. नि. सा. म. वर गेला, घुटमळला, उतरायला लागला. म. ग. आता 'रे'. इथंच थांबायचं. एवढंच आपलं. थांब, महारुद्रा, थांब!

त्यानं समोर बघितलं. मॅडम मांडीवर बोटं टेकवून ऐकत होत्या. ती बोटं पुढची जागा ओळखून होती. चुकलास तर समोर बसलेल्या शहाण्यांना कळंल, असं त्याच्या मनात आलं, आणि कांडी 'रे' ओलांडून सरळ 'सा'वर गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तो मुद्दाम थांबला, पण ते थांबणं खोटं होतं, त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं घाईघाईनं संपवलं.

टाळ्या पडल्या. नेहमीसारख्याच पडल्या, शिट्ट्याही झाल्या. कुणाच्या काही ध्यानातसुद्धा आलं नाही.

तो गिटार पिशवीत घालत होता, तेवढ्यात कावेरी पळत आली. बाप क्लासातून मान खाली घालून आला त्या दिवसापासून तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. आज तिचा चेहरा फुलला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, आज तुमी अगदी बरोबर वाजवलंत."