त्या वर्षी लताला बोलावणं गेलं नाही

माझा नवरा वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बर्फावर स्कीइंग करायला शिकला, आणि शिकवलं कोणी, तर लतानं. मला फार आनंद झालाय असं मी सगळ्यांना सांगत होते. खोटं होतं ते. माझा नुसता जळफळाट होत होता.

तीस वर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते, की चला, जरा डोंगरात जाऊ. इथं अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या घरातून निघालं की दीड तासात बर्फाचे डोंगर. लोक विमानं करून येतात ते बघायला. पण हेमचंद्र पडले भूलतज्ज्ञ. आज काय ऑन कॉल, उद्या काय कॉन्फरन्स. अठ्ठ्याऐंशी साली एकदा हट्टानं नेलं, तर पार्किंग लॉटमध्ये गाडीतच जर्नल वाचत बसले. मला म्हणाले, "तू ये जाऊन सुहासिनी, मी आहे इथं." मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि परत येऊन शेजारी बसले. एकटी कुठं जाणार?

मग ते रिटायर झाले. आता तरी जाऊ म्हणेपर्यंत माझा उजवा गुडघा बदलायची वेळ आली. सर्जननं बजावलं, चाला हवं तेवढं, पण वर्षभर बर्फावर पाय ठेवू नका. पडले असते तर सगळंच मुसळ केरात.

लता ही आमच्या सगळ्यात जुन्या मित्राची, मोरेश्वरची बायको. मोरेश्वर जाऊन सात वर्षं झाली होती. दोघंही स्कीइंगचे वेडे. उतारावरून सुसाट येतात ते नव्हे. लांब अरुंद स्की पायांना बांधून झाडांमधून मैलोन्मैल सरकत चालायचं, क्रॉस-कंट्री म्हणतात ते. मोरेश्वर गेल्यावरही ती जात राहिली. नोव्हेंबरात आमच्याकडे जेवायला आली होती तेव्हा हेमचंद्रांना म्हणाली, "घरात बसून काय करता? मोरेश्वरचे स्की पडलेत गॅरेजमध्ये. बघा तरी घालून." मोरेश्वरचे बूट यांना अगदी बरोबर बसले. दुसऱ्याच्या चपलेत कधी पाय न घालणारा हा माणूस ते बूट घालून घरभर फिरून आला, आणि मी कौतुकानं हसले.

त्या वर्षी हिवाळा कसला, हिवाळ्याची थट्टा होती. दोन हजार पाचचा जानेवारी उजाडला तरी नुसता पाऊस, मध्येच कोवळं ऊन. घाटात स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्ट बंद पडल्या, बर्फाच्या जागी काळे खडक दिसायला लागले. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली, आता कुठं जातील? पण हौसेला मोल नसतं. स्की पाठीला बांधून हे दोघं आधी तास-दीड तास डोंगर चढायचे आणि वर जिथं बर्फ लागेल तिथं ते पायात घालायचे. म्हणजे मी तीस वर्षं मागत होते ते चालणं झालंच, वर हे घसरणंही.

शनिवारी संध्याकाळी नवरा उन्हानं लाल होऊन परत यायचा. जेवताना सांगायचा, सशाचे ठसे कुठवर गेले होते, लता ओढ्यात कशी बसली, यांनी झाडाला मिठी मारून जीव कसा वाचवला. सांगताना एवढे हसायचे की घास हातात राहायचा. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्यातली निदान तीस या माणसानं ताटावर मीठ मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

आणि लता त्यांना पहिल्यापासून भावजी म्हणायची. डिसेंबरात एकदा दारातून तिचा आवाज आला, "हेमचंद्र, काठ्या विसरलात." मी स्वयंपाकघरात होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं. मला संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगते. संशय असता तर सरळ भांडले असते. नुसता हेवा वाटतो म्हणून कोणाशी आणि काय भांडणार?

तशात संक्रांत आली.

माझ्याकडचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. दरवर्षी संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार ठरलेला, तीस-पस्तीस बायका, पुण्याहून आणलेलं वाण, गुळाच्या पोळ्या. मोरेश्वर गेल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला मी लताला हाताला धरून आणलं होतं आणि सगळ्यांच्या देखत आधी तिला कुंकू लावलं होतं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, ज्यांना चालत नसेल त्यांना दार उघडं आहे. पुढं त्याचं फार कौतुक झालं. मंडळाच्या अंकात मी त्यावर लेखही लिहिला.

या वेळी बोलावण्याची ईमेल लिहायला बसले. यादीत लताचं नाव चौथं होतं. ते मी पुसलं. मनाला सांगितलं, विधवेला बोलावत नाहीत, रीतच आहे तशी. जी रीत मी स्वतः मोडली होती, तीच मला कामाला आली. आणि सेंडचं बटण दाबल्यावर मला बरं वाटलं, हेही लपवत नाही.

त्या शनिवारी सकाळी हेमचंद्र नेहमीप्रमाणे स्की घेऊन गेले. नाहीतरी हळदीकुंकवाला घरात पुरुषांचं काम नसतंच. दुपारी घर भरलं. सगळ्यात तरुण नेत्रा, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. तिनं कुंकू लावून घेतलं आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "काकू, लतामावशी नाही आल्या?"

"तिला अशा कार्यक्रमात अवघडल्यासारखं होतं गं," मी म्हटलं.

नेत्राच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी भारतातून आल्या होत्या. त्या माझ्या कानाशी झुकल्या. "बरं केलंत. रीत ती रीत." आणि माझ्या हातावर हात ठेवला. असल्या बायकांना मी सात वर्षं नावं ठेवत आले होते. आता त्यांच्यातली एक मला आपली म्हणत होती, आणि मला तिच्याकडे बघून हसावं लागलं.

संध्याकाळी हेमचंद्र आले. नेहमीसारखे लाल नव्हते. "आज एकटाच गेलो," ते म्हणाले. "लताला घ्यायला थांबलो तर ती साडी नेसून बसलेली. म्हणाली, आज सुहासिनीकडे हळदीकुंकू, तुम्ही व्हा पुढं. लवकर गेली का ती?"

"आली नव्हती."

"का? बरं नव्हतं का?"

"मी बोलावलं नव्हतं."

ते बुटाची नाडी सोडत होते. ती सोडून झाली, दुसरी सोडली, बूट चटईवर नीट लावून ठेवले. "हिरवी पैठणी नेसली होती गं ती," एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करंडा आणि वाण घेऊन लताकडे गेले. तिनं दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. तिनं तोंडावर दार लावलं असतं तर बरं झालं असतं.

"मला आधी वाटलं, ईमेल पोचली नसेल," ती म्हणाली. "स्पॅममध्येसुद्धा बघितलं. म्हटलं, फोन येईल. तीन वाजेपर्यंत साडी सोडली नाही."

"लता, चुकले मी. मला तुझा हेवा वाटला. हे माझ्याबरोबर कधी आले नाहीत आणि तुझ्याबरोबर हसत-खेळत जातात. मला ते बघवेना."

"मग तसं सांगायचं. मी दुसऱ्या दिवशी स्की माळ्यावर टाकले असते. वीस वर्षं तुला म्हणत होते, चल माझ्याबरोबर. तुझं आपलं एकच, हे आले तर येईन." तिनं कप माझ्यापुढं सरकवला. "आता ते आले, तर तुला त्याचाही त्रास."

मी करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्याकडे वळले. ती मागं सरकली नाही, नुसती मान हलवली.

"मोरेश्वर गेल्यावर तू मला कुंकू लावलंस तेव्हा मला वाटलं, हे आता माझं झालं. ते तुझ्या मर्जीवर आहे हे मला माहीत नव्हतं, सुहासिनी."

माझं लाल बोट तसंच. शेवटी मी ते रुमालाला पुसलं. चहा प्यायले आणि घरी आले.

लतानं हेमचंद्रांना फोन करून सांगितलं की आता शनिवारी जमायचं नाही. तिनं कारण दिलं नाही, यांनी विचारलं नाही. पुढचे दोन शनिवार ते खिडकीशी पेपर घेऊन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. एकदा मीच म्हटलं, बर्फापर्यंत नको, पण पायथ्याच्या वाटेनं चालून येऊ. लगेच आले. दर वळणावर माझ्यासाठी थांबले, गुडघा दुखतो का विचारलं, पाण्याची बाटली उघडून दिली. तक्रारीला जागा नव्हती. तासाभरात एकदाही हसले नाहीत.

घरी आल्यावर मी लताला फोन केला. म्हटलं, "पुढच्या शनिवारपासून यांना घेऊन जात जा. माझी काही हरकत नाही."

"तुझी हरकत नाही," ती सावकाश म्हणाली. "कुंकू तू दिलंस, तूच काढून घेतलंस. आता नवरा देतेस. मनात आलं की तोही परत मागशील. नको गं. मी जाईन माझी."

"या वयात एकटी जाशील?"

"नेत्रा येते म्हणालीय."

त्या शनिवारी संध्याकाळी नेत्राचाच फोन आला. गुळाच्या पोळ्यांचा माझा डबा तिच्याकडे राहिला होता, तो कधी आणून देऊ विचारायला. पण डबा राहिला बाजूला. "काकू, काय मजा आली सांगू. आधी एक तास नुसती चढाई, मला वाटलं मी मरते. मग वर बर्फ लागला. अकरा वेळा पडले मी. आणि लतामावशी इतक्या हसवतात ना यार, पोट दुखायला लागलं. मग दोघींनी एका दगडावर बसून थालीपीठ खाल्लं. नेक्स्ट वीक परत जाणार आहोत."

"बर्फ टिकला तर," मी म्हटलं.

"मावशी म्हणाल्या, नाही टिकला तर नुसतं चालू."

मी फोन ठेवला. शेजारच्या खोलीत हेमचंद्र टीव्ही बघत होते. शनिवार होता आणि नवरा घरात होता. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून त्या दोघींचा विचार करत होते, त्या दगडावर बसलेल्या, आणि नोव्हेंबरपासून छातीत ज्या जागी जळत होतं, तिथंच पुन्हा जळत होतं. लतानं माझा नवरा नेला म्हणून मी तीन महिने रडत होते. आता नवरा होता, लता नव्हती, आणि मला त्या पोरीचा हेवा वाटत होता.